खाडाखोडीवर सही

मी एक जुने लोखंडी कपाट आहे, चाकांचे. चार चाकांपैकी तीन सरळ चालतात आणि चौथे स्वतःच्या मर्जीने. त्यामुळे मी कुठेही निघालो की आधी माझी कुईंकुईं पोहोचते आणि मागून मी. या शाळेच्या तळमजल्यावर, खोली क्रमांक सात आणि पाण्याचे नळ यांच्या मधल्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या अंगाला दप्तरे घासत पळता, लपाछपीत माझ्याआड दडता, माझ्या पाठीच्या भोकांना डोळा लावून आत डोकावता. माझी काही तक्रार नाही. उलट बरे वाटते.

आज सकाळी मात्र माझ्या डाव्या अंगावर एकाने खडूने दोन शब्द लिहिले. शाळेला नवी इमारत मिळणार आहे ना, म्हणून एक तरुण लिपिक खडू घेऊन सगळ्या सामानावर शेरे मारत फिरत होता. मोडक्या बाकांवर 'काढून टाकणे', फळ्यांवर 'रंगवणे'. माझ्यासमोर तो जरा थबकला, मागे सरला, मान तिरपी करून त्याने मला न्याहाळले आणि मोठ्या वळणदार अक्षरात ते दोन शब्द लिहून गेला. ते वाचून शिपाईमामा म्हणाले, "नशीबवान आहे बाबा कपाट!" मला मात्र ते शब्द टोचले. का टोचले हे कळण्यासाठी तुम्हाला माझी हकिगत ऐकावी लागेल. लांबण लावणार नाही. म्हणजे लावीन, पण थोडीच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापणारे, वाकवणारे, रंग मारणारे असे पुष्कळ हात माझ्यावरून फिरले, पण आठवतो तो वेल्डर. माणूस मुलखाचा अबोल. जोड बसला की तो बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. आवाज भरीव आला तर कपाट पुढे जायचे, पोकळ आला तर पुन्हा ठिणग्या. मला त्याने तीनदा ठोकले, कान लावला आणि म्हणाला, "हां, हे बोलतंय." त्या दिवसापासून बोलायची सवय लागली ती अजून सुटलेली नाही. ऐकणारे मात्र तो वेल्डर सोडला तर फार उशिरा भेटले.

कारखान्यातून मी थेट शिक्षण कार्यालयात गेलो. चाळीस सरकारी शाळांचा कारभार तिथून चालायचा आणि त्या चाळीस शाळांचे कागद माझ्या पोटात यायचे. गळक्या छपरांच्या तक्रारी, बदल्यांचे अर्ज, मुलांविषयीचे शेरे. आत आलेला कागद पुन्हा बाहेर जाताना मी फारसा पाहिला नाही. पण तेव्हा मला त्याचे काही वाटत नसे. माझे दार 'खट्ट' करून बंद झाले की फायली सांभाळणारे कारकून खुर्चीत सैल व्हायचे आणि मी ताठ व्हायचो. नीट बंद होणे हाच कपाटाचा मोठेपणा, अशी माझी ठाम समजूत होती. पंधरा वर्षे मी त्या समजुतीवर काढली. 'वरील विषयास अनुसरून' आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' ही भाषा मला आजही तोंडपाठ आहे.

मग संगणक आले. माझ्या पोटातल्या गठ्ठ्यांचे फोटो काढून झाले, गठ्ठे गाडीत चढले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे तीन पायांच्या दोन खुर्च्या आणि बंद पडलेले एक घड्याळ आधीपासून नांदत होते. येणारेजाणारे माझ्या मुठीला ओल्या छत्र्या अडकवायचे. एके काळी ज्याच्या किल्लीसाठी साहेब लोक वाट बघायचे त्याची ही गत! चार वर्षे मी कोळ्यांची जाळी अंगावर घेऊन तोंड शिवून उभा होतो.

त्या जिन्याखाली एक दिवस एक बाई टेबल घेऊन आल्या. चाळीस शाळांच्या तंत्रज्ञानाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पद एवढे नवे होते की त्याला खोली द्यायचे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. त्यांच्या पिशवीतून कायम कुठली ना कुठली वायर लोंबत असायची, म्हणून कार्यालयात त्यांचे नाव पडले वायरबाई. त्यांना ते ठाऊक होते. फोन आला की स्वतःच म्हणायच्या, "हां, वायरबाई बोलतेय, बोला."

चाळीस शाळांसाठी टॅब आले, प्रत्येक शाळेला तीस. ते ठेवायची आणि चार्ज करायची खास कपाटे यायला अजून सहा महिने होते. वायरबाई टॅबच्या खोक्यांकडे बघत बसल्या, मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. उठल्या, जाळी हाताने बाजूला केली आणि माझ्या पत्र्यावर टकटक केली. एवढ्या वर्षांनी कुणीतरी ठोकून पाहिले होते! "हे चालेल," त्या इलेक्ट्रिशियनला म्हणाल्या. "असली जुनी कपाटं गोळा करा. चाकं लावा आणि पाठीला भोकं पाडा."

"चांगल्या कपाटाला भोकं?" इलेक्ट्रिशियन म्हणाला. त्याच्या तोंडात साखर पडो, मी मनात म्हटले.

"श्वास घेता आला पाहिजे त्याला. नाहीतर आतले सगळे तापतील."

ड्रिल पाठीत शिरले तेव्हा मी फार रागावलो होतो. पण पहिल्याच भोकातून वाऱ्याची झुळूक आत आली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मित्रांनो, आपल्या आत वारा खेळू शकतो हे मला एकोणीस वर्षांत माहीतच नव्हते. मग लाकडी फळ्यांचे तीस कप्पे झाले, प्रत्येकाला क्रमांक पडला, वायरी आल्या. इलेक्ट्रिशियनने बटण दाबले आणि माझ्या पोटात एकाच वेळी तीस हिरवे ठिपके उजळले. एकोणीस वर्षे ज्या पोटात फक्त अंधार आणि धूळ होती, तिथे हे! मी थक्क झालो. तो इलेक्ट्रिशियनसुद्धा दार लावायचे विसरून बघत राहिला.

आता ऐका, घोटाळा कुठे झाला ते. टॅबबरोबर प्रत्येक शाळेला परिपत्रक जायचे होते. वायरबाई कुठल्याशा लांबच्या शाळेत तारा जोडत होत्या, म्हणून त्यांनी मजकूर फोनवर सांगितला. कार्यालयातले टाइपिस्टकाका माझ्या शेजारच्या टेबलावर बसून लिहून घेत होते. "सदर उपकरणे जपून वापरावीत," असे बाई म्हणाल्या, फोनमधून मीही ऐकले. पण टाइपिस्टकाकांच्या बोटांनी तीस वर्षे 'अभिलेख जपून ठेवावेत', 'पावत्या जपून ठेवाव्यात' हेच छापले होते. 'जपून' हा शब्द उमटला की पुढचे बोटे आपोआप मारायची. कागदावर आले, 'सदर उपकरणे जपून ठेवावीत'. संध्याकाळी वायरबाई धावतपळत आल्या, चाळीस प्रती माझ्या डोक्यावर ठेवून त्यांनी भराभर सह्या केल्या आणि पुन्हा पळाल्या. मला चूक दिसली होती. पण खरे सांगू? मला ती चूक वाटलीच नाही. जपून ठेवणे याच्यासाठीच तर माझा जन्म, असे मला वाटत होते.

एकोणचाळीस शाळांनी ते परिपत्रक नेहमीप्रमाणे न वाचताच फायलीला लावले, आणि तिथे टॅब वापरात आले. मी आलो तुमच्या या शाळेत. इथल्या मुख्याध्यापकांनी परिपत्रक वाचले.

ते मुख्याध्यापक फार सरळ माणूस. पण पूर्वी एकदा वरच्या साहेबांनी तोंडी 'वापरा हो' म्हटले म्हणून त्यांनी शाळेचा टीव्ही वर्गात नेला, तो जळला, आणि साहेबांनी असे काही म्हटल्याचे साफ नाकारले. मग दोन वर्षे सर खुलासे लिहीत बसले होते. तेव्हापासून ते तोंडी शब्दाला भीक घालत नसत. लिहिलेले दिसले तरच खरे. त्यांनी 'जपून ठेवावीत'च्या खाली पट्टीने रेघ मारली, परिपत्रक माझ्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले, मला स्वतःच्या खोलीत उभे केले आणि माझ्या कुलपाच्या जोडीला दुसरे कुलूप आणले. मुले त्यांना कुलूपसर म्हणू लागली.

काय सांगू मित्रांनो, माझे काय लाड होते! दर शनिवारी शिपाईमामा मला ओल्या फडक्याने पुसायचे. पाहुणे आले की सर दोन्ही कुलपे काढून दार उघडायचे, तीस ठिपके लुकलुकायचे, पाहुणे "वा वा" म्हणायचे, आणि दार पुन्हा बंद. टॅबवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता. गणिताच्या बाई दोनदा मागायला आल्या. "सर, एक तरी द्या, अपूर्णांक दाखवते मुलांना." सरांनी दार उघडून त्या रेघेवर बोट ठेवले, बाई आल्या तशा गेल्या. आणि मी? मी फुगून बसलो होतो.

माझ्याशेजारी भिंतीला लागून एक बाक होता. शिक्षा झालेली मुले त्यावर बसायची. त्या वर्षी तो बहुतेक वेळ एकाच मुलीने अडवला होता. वर्गातली मुले तिला ट्यूबलाइट म्हणायची, कारण विनोद झाला की सगळा वर्ग हसून व्हायचा आणि मग ती हसायची. विचारले एक की उत्तर भलतेच द्यायची. वही काढा म्हटले की इकडेतिकडे बघून मग काढायची. बोलायची ते मोठ्याने, नळावर बोलल्यासारखी. बाकावर बसून ती माझ्या पाठीच्या भोकांतून आतले ठिपके बघायची आणि बोटाने हवेत मोजायची. तीस झाले की पुन्हा एकपासून.

तिसऱ्या महिन्यात सरांनी तिच्या आईला पत्र लिहिले. पाकीट बंद करण्यापूर्वी त्यांनी ते सवयीने स्वतःला वाचून दाखवले, म्हणून मला कळले. 'आपली मुलगी वर्गात लक्ष देत नाही, सांगितलेले ऐकत नाही. सबब तिला उद्यापासून मागच्या वर्गात बसवण्यात येईल.' पाकीट मुलीच्या हातात दिले आणि शाळा सुटेपर्यंत तिला बाकावर बसवले. मागच्या वर्गात तिची धाकटी बहीण होती. मुलगी पाकीट दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि त्या दिवशी तिने ठिपके मोजले नाहीत.

मंगळवार होता तो. मधल्या सुट्टीनंतर वायरबाई आल्या. चाळीस शाळांतला टॅबचा वापर त्यांना त्यांच्या संगणकावर रेघांमध्ये दिसायचा, आणि आमच्या शाळेची रेघ जमिनीला चिकटून होती. वरून हुकूम निघाला होता की महिनाअखेर जिथे वापर शून्य, तिथले टॅब उचलून दुसऱ्या शाळेला द्यावेत. महिना संपायला चार दिवस राहिले होते.

"या, या," सर उठून म्हणाले. "बघा तुमची अमानत. एकावर जरी ओरखडा दिसला तर नाव बदलीन." त्यांनी ऐटीत दोन्ही कुलपे काढली.

वायरबाई प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या तीस टॅबकडे बघत राहिल्या. "सर, तुम्ही हे वापरलेच नाहीत?"

"वापरायचे कसे? तुम्हीच तर लिहिलंय."

बाईंनी माझ्या दारावरचा कागद वाचला. त्यांची नजर 'ठेवावीत'पाशी आली आणि तिथेच अडकली. मग खाली स्वतःच्या सहीवर गेली. मला वाटले, आता टाइपिस्टकाकांची खैर नाही. पण त्या म्हणाल्या, "मी 'वापरावीत' म्हटलं होतं, सर. आणि मग चाळीस कागदांवर न वाचता सह्या ठोकल्या. चूक माझीच. सही माझी आहे ना."

अधिकारी माणूस असे म्हणतो हे मी पहिल्यांदा ऐकले. पंधरा वर्षांच्या फायलींत असले वाक्य एकदाही आले नव्हते.

सरही चपापले, पण सावरले. "मग दुरुस्तीपत्र पाठवा. तोंडी कामात मी एकदा चांगला पोळलोय."

"दुरुस्तीपत्र वरून मंजूर होऊन यायला दहा दिवस लागतील. शुक्रवारी गाडी येईल आणि टॅब घेऊन जाईल."

"नेऊ दे. जसे आले तसे जातील. माझ्या अंगावर काही येणार नाही." सर असे म्हणाले खरे, पण बाईंकडे न बघता हातातल्या किल्ल्यांकडे बघून म्हणाले.

वायरबाईंनी सतरा नंबरच्या कप्प्यातला टॅब काढला. "एक तरी चालू करून बघते. एवढे महिने पडून आहेत." प्लॅस्टिक चरचरत निघाले. त्यांनी पडदा तपासला, आवाज तपासला आणि राहता राहिले ते ऐकण्याचे यंत्र. टॅबला एक गंमत येत होती. समोर माणूस बोलला की बोललेले तो अक्षरांत लिहून दाखवायचा. बाईंनी ते चालू करून टॅब माझ्या खालच्या फळीवर टेकून उभा केला. पडदा आपसूक बाकाकडे झाला.

"आणि ही का बसलीय इथे?" त्यांनी विचारले.

"हिचं सोडा," सर म्हणाले. "ही ऐकत नाही. दहादा सांगितलं तरी ऐकत नाही. उद्यापासून मागच्या वर्गात."

आणि काचेवर अक्षरे आली. कुणी पेन धरले नव्हते, कुणी बटण दाबले नव्हते. साखरेकडे निघालेल्या मुंग्यांसारखी एकामागून एक अक्षरे चालत आली आणि रांगेत उभी राहिली. 'ही ऐकत नाही दहादा सांगितलं तरी ऐकत नाही'.

मुलीची नजर त्यावर गेली. ती पुढे वाकली. बोट अक्षरांखालून सरकवत तिने ओळ वाचली, सरांच्या ओठांकडे पाहिले, पुन्हा काचेकडे पाहिले. ओठांमधून जे जाते ते इथे येऊन पोहोचते, हे तिला उमगले तो क्षण मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. म्हणजे डोळे मला नाहीत, पण पाहिला. तिचा चेहरा माझ्या तीस ठिपक्यांपेक्षा जास्त उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी ती काय वाचते आहे हे कळून विझला.

"सर, हे तुम्ही बोललात?" तिने मोठ्याने विचारले. टॅबने तेही लिहिले. मग ती म्हणाली, "ऐकत नाही असं नाही सर. मला ऐकू येत नाही."

टॅबने शांतपणे तेवढेच लिहून ठेवले. 'मला ऐकू येत नाही'.

वायरबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "कधीपासून गं, बाळा?"

मुलीने काचेवर वाचले आणि उत्तर दिले, "माहीत नाही. मला वाटायचं सगळ्यांना एवढंच ऐकू येतं. बाकीचे हुशार आहेत, म्हणून त्यांना कळतं."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. पण त्या दिवशी माझा सांधा न् सांधा हलला. 'ऐकत नाही' हा शेरा माझ्या पोटात पंधरा वर्षांत किती कागदांवर येऊन पडला असेल, देव जाणे. मी प्रत्येक वेळी 'खट्ट' करून दार लावले होते आणि ताठ मानेने उभा राहिलो होतो. त्यांतले किती जण खरोखर ऐकत नव्हते आणि किती जणांना ऐकू येत नव्हते? मला आजही त्याचे वाईट वाटते. आणि त्याच वेळी त्या काचेचे नवल वाटून मी दिपून गेलो होतो. एवढीशी वस्तू, तीन महिने माझ्या पोटात, आणि ती एका मुलीला तिच्या वर्गाची भाषा देऊ शकत होती. मी तिला काय दिले, तर दोन कुलपे.

कुलूपसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि खाली वाकून ती ओळ पुन्हा वाचली. लिहिलेले दिसले तरच खरे मानणारा माणूस, आणि हे तर समोर लिहिलेले होते. त्यांनी मुलीच्या हातातले पाकीट घेतले. फाडले नाही, कागद फाडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यावर मोठ्या अक्षरात 'रद्द' लिहिले, खाली सही केली, तारीख घातली.

मग ते माझ्याकडे आले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कार्यालयाच्या कागदावर स्वतःहून टिंबसुद्धा वाढवले नव्हते. त्यांनी लाल पेन काढले, 'ठेवावीत' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर गोल अक्षरात लिहिले, 'वापरावीत'. लिहून झाल्यावर पेन वायरबाईंपुढे धरले.

"इथे छोटी सही करा, बाई. खाडाखोडीवर सही लागते."

"एवढं चालेल तुम्हाला?"

"का नाही चालणार? लेखी आहे."

बाईंनी सही केली. पेनाच्या टोकाने मला गुदगुल्या झाल्या. मग त्या उठून खिडकीशी गेल्या आणि डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखे करत पिशवीतली वायर गुंडाळत बसल्या, जी मुळात गुंडाळलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला शिपाईमामांनी मला ढकलत खोली क्रमांक सातमध्ये नेले. कुईंकुईं ऐकून सगळा वर्ग दाराशी धावला. तीस कप्पे बघता बघता रिकामे झाले. सतरा नंबर त्या मुलीपुढे उभा राहिला. गणिताच्या बाई शिकवू लागल्या आणि टॅबने आपले अकलेचे तारे तोडले. 'भागाकार'चे त्याने 'भाग आकार' केले, इथवर ठीक. पण बाई म्हणाल्या, "आता लसावि काढा," आणि काचेवर आले, 'आता लस हवी काढा'. शेजारच्या मुलाने ते वाचून दाखवले. वर्ग खो खो हसला, बाईही हसल्या.

आणि ती मुलगीही हसली. मित्रांनो, ती सगळ्यांबरोबर हसली. एक क्षणही मागे नाही. गणिताच्या बाईंच्या ते ध्यानात आले, त्यांनी पटकन पाठ वळवली आणि फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता. त्या दिवसानंतर तिला ट्यूबलाइट म्हणताना मी कुणाला ऐकले नाही. ट्यूब उशिरा पेटली होती ती आम्हा सगळ्यांची.

शुक्रवारी गाडी आलीच. हुकूम गाडीपर्यंत पोहोचला होता, आमची वर चढलेली रेघ अजून पोहोचली नव्हती. दोन माणसे यादी घेऊन माझ्यापाशी आली आणि त्यांनी दार उघडले.

"टॅब कुठेत?"

"मुलांच्या हातात," शिपाईमामा म्हणाले.

"कपाटात एकही नाही?"

"शोधा ना. एखादा सापडला तर मलाही दाखवा."

त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, मग दारावरची लाल रेघ आणि तिच्या शेजारची छोटी सही पाहिली. यादीवर काहीतरी खरडून ती माणसे निघून गेली. रिकामा असण्याचा मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पुढच्या महिन्यात सतरा नंबरच्या टॅबवर पहिला ओरखडा पडला. मुलगी रडकुंडीला येऊन सरांकडे गेली. सरांनी त्यावरून अंगठा फिरवला, नोंदवही उघडली आणि लिहिले, 'ओरखडा: एक. कारण: वापर.' बस्स. तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेले, कानामागे बसणारे यंत्र मिळाले, हळूहळू टॅबची गरज कमी झाली. शाळा सोडण्याच्या दिवशी ती माझ्यापाशी आली, पत्र्यावर टकटक केली आणि कान लावून उभी राहिली. काय ऐकू आले ते तिने सांगितले नाही. गालातल्या गालात हसली आणि गेली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. कुलूपसर निवृत्त झाले. टॅब दोनदा बदलले आणि आता तर प्रत्येकाचे यंत्र प्रत्येकाच्या दप्तरात असते, रात्री घरीच चार्ज होते. माझ्या कप्प्यांत हल्ली चेंडू, चित्रांचे कागद आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या राहतात. सतराव्या कप्प्यात कुणीतरी एकच मोजा ठेवला आहे. मजेत चालले आहे आमचे.

आता आज सकाळचे ते दोन शब्द सांगतो. त्या लिपिकाने माझ्या अंगावर लिहिले, 'जपून ठेवणे'. नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात म्हणे मला काचेमागे उभे करणार, दारावरच्या लाल रेघेसकट. बाहेर पाटी लावणार, 'हात लावू नये'. त्याचा हेतू चांगला आहे, मला कळते. पण काचेमागे माझ्या पाठीच्या भोकांतून वारा कुठून येणार? तुमचे चेंडू कुठे जाणार? आणि माझ्यावर टकटक कोण करणार?

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाच्या खिशात खडूचा तुकडा असेल, नळावर पाणी प्यायला याल तेव्हा जरा माझ्या डाव्या बाजूला या. त्या दोन शब्दांपैकी पहिला राहू द्या, तो चांगला आहे. दुसऱ्यावर आडवी रेघ मारा आणि वर लिहा, 'वापरणे'. अक्षर कसेही आले तरी चालेल.

फक्त शेजारी छोटी सही करायला विसरू नका. खाडाखोडीवर सही लागते.